डिस्क रिकामी केली तरी पुन्हा भरते: डीएफ आणि डीयूचा हिशेब जुळत नसेल तेव्हा

लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. सर्व्हरला पिंग जातंय, एसएसएचने लॉगिनही होतंय, पण साइट ५०० दाखवतेय, डेटाबेस काही लिहून घेत नाही आणि लॉगच्या शेवटी एकच ओळ: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. ड्यूटीवर जो असेल तो /व्हार/लॉगमध्ये शिरतो, सगळ्यात जाड फाइल शोधतो, आरएम (फाइल काढायची कमांड) करतो, सर्व्हिस रीस्टार्ट करतो आणि तिकीट बंद करतो. काही आठवड्यांनी पुन्हा तोच फोन, आणि बहुतेक वेळा सुट्टीच्या दिवशी.

डिस्क एकदा भरली तर समजू शकतो. कोणीतरी मोठा डंप टाकून विसरलं असेल. पण तीच डिस्क ठरावीक अंतराने भरत असेल, तर त्या मशीनवर साफसफाईचं काम कोणावर तरी सोपवलेलं आहे आणि ते होत नाहीये असंच धरून चाला. ते काम लॉगरोटेटचं (जुने लॉग बाजूला काढून पुसणारं टूल) असेल, सेशन साफ करणाऱ्या क्रॉनचं (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) असेल, नाहीतर कोणीच सांभाळत नसलेल्या एखाद्या रेप्लिकाचं (डेटाबेसची दुसऱ्या मशीनवरची नक्कल) असेल. घाईघाईने आरएम केलं की कोण लिहीत होतं याचा पुरावा जातो. कित्येकदा जागाही मिळत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

(कमांड इथे नागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत टाकायच्या; जिथे मोठं अक्षर हवं तिथे तसं सांगितलंय.)

काहीही उडवण्याआधी

तीन आउटपुट जपून ठेवा: डीएफ -एच (किती जागा वापरात आहे), डीएफ -आय (किती आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदी, वापरात आहेत) आणि ज्या पार्टिशनवर गडबड आहे त्याचं डीयू (कोणत्या डिरेक्टरीत किती). ठेवायचं कुठे, डिस्क तर भरलेली आहे? /डेव्ह/एसएचएम मेमरीत असतं, तिथे लिहिता येतं. किंवा सरळ आपल्या लॅपटॉपवरून एसएसएच करून आउटपुट इकडेच उतरवून घ्या.

डीयू चालवताना -एक्स विसरू नका, नाहीतर ते एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर) आणि दुसऱ्या डिस्कांवरही फिरून येतं आणि आकड्याचा काही अर्थ राहत नाही. मी साधारण असं चालवतो: डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /व्हार, आणि पुढे पाइप करून सॉर्ट -एच. रूट म्हणूनच चालवा. साध्या युजरला जी डिरेक्टरी वाचता येत नाही ती डीयू मोजत नाही, आणि एररच्या ओळी कोणी /डेव्ह/नलकडे (तिथे गेलेलं सगळं नाहीसं होतं) वळवल्या असतील तर ते कळतही नाही.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. डीएफ फाइलसिस्टमलाच विचारतं की तुझे किती ब्लॉक वापरात आहेत. डीयू प्रत्येक डिरेक्टरीत जाऊन जी नावं दिसतात त्यांची बेरीज करतं. दोन्ही आपापल्या जागी खरं बोलतात. डीएफ म्हणतं ५० पैकी ५० जीबी गेले आणि डीयूची बेरीज ११ जीबीच्या वर जात नाही, तर उरलेले ३९ जीबी अशा ठिकाणी आहेत जिथे नावाने पोचता येत नाही. तो फरक कशाचा आहे हे शोधणं म्हणजेच या दुखण्याचं निदान.

डीएफ भरलेलं, डीयू कमी: नाव गेलं, ताबा राहिला

युनिक्समध्ये आरएम फाइल पुसत नाही, डिरेक्टरीतलं तिचं नाव काढतं. ब्लॉक मोकळे व्हायला दोन गोष्टी लागतात: त्या आयनोडला एकही नाव उरलेलं नसणं आणि ती फाइल कोणत्याही प्रोसेसने उघडलेली नसणं. सातबाऱ्यावरचं नाव कमी केलं म्हणून जमीन कसणारा बांधावरून उठत नाही, तसंच हे. प्रोसेस जिवंत आहे तोवर ती त्याच अदृश्य फाइलमध्ये लिहीत राहते, डीएफ वाढत राहतं आणि डीयूला पत्ता नसतो. सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा एकदम मोकळी होते, म्हणून सगळ्यांचा समज होतो की रीस्टार्ट हाच उपाय.

शोधायची कमांड एकच: एलएसओएफ +एल१, यातला एल मोठा. अर्थ असा की ज्यांची लिंकसंख्या एकपेक्षा कमी आहे अशा उघड्या फाइली दाखव. नमुन्यादाखल एक ओळ अशी दिसते:

जावा २२४१ ॲप ७डब्ल्यू रेग २५३,२ ४०८०२१८९३१२ ० १३११०२ /व्हार/लॉग/ॲप/सर्व्हिस.लॉग

आणि नावाच्या शेवटी ‘डिलीटेड’ असा शेरा. वाचायचं कसं? प्रोसेस क्रमांक २२४१, तिचा ७ क्रमांकाचा फाइल डिस्क्रिप्टर (प्रोसेस उघड्या फाइलीला देते तो क्रमांक), लिहिण्यासाठी उघडलेला. आकार ४०,८०,२१,८९,३१२ बाइट, म्हणजे बरोबर ३८ जीबी. पुढचं शून्य ही लिंकसंख्या. हरवलेले ३९ जीबी जवळजवळ सगळे इथेच सापडले.

एलएसओएफ मशीनवर नसेल आणि डिस्क भरल्यामुळे इन्स्टॉलही होत नसेल तर अडून बसू नका. /प्रॉक खाली प्रत्येक प्रोसेसच्या एफडी डिरेक्टरीत हेच सिमलिंकच्या (फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीच्या) रूपात दिसतं. फाइंडने ती सगळी एलएस करून ‘डिलीटेड’ हा शब्द ग्रेपने शोधला की झालं.

रीस्टार्ट करता येत नसेल, भर कामाच्या वेळेत ते बहुतेक जमतच नाही, तर /प्रॉक/२२४१/एफडी/७ याच वाटेने फाइलच्या आत पोचता येतं. त्यातलं काही हवं असेल तर आधी सीपी करून दुसऱ्या डिस्कवर न्या. नाव गेलं तरी मजकूर शाबूत असतो. चुकून उडवलेली महत्त्वाची फाइल प्रोसेस जिवंत असेपर्यंत अशी परत मिळवता येते. मग त्याच वाटेवर ट्रंकेट -एस ० चालवा, किंवा शेलमध्ये कोलन, मोठं-पेक्षाचं चिन्ह आणि तो पाथ. जागा तत्क्षणी सुटते आणि प्रोसेसला कळतही नाही.

एक अडचण मात्र आहे. प्रोसेसने फाइल अपेंड मोडमध्ये (प्रत्येक ओळ शेवटालाच जोडायची) उघडलेली नसेल, तर ती आपली जागा लक्षात ठेवते. तुम्ही फाइल शून्यावर आणली तरी पुढची ओळ ती ३८ जीबीच्या खुणेपासूनच लिहिते. मधला भाग भोक म्हणून राहतो. अशा फाइलचं नाव शिल्लक असेल तर एलएस -एलला ती पुन्हा ३८ जीबी दिसते, डीयूला काही केबी. डिस्कवर जागा जात नाही, पण ती फाइल पुढे जो कोणी वाचेल, बॅकअप असो, जीझिप असो की ग्रेप, तो ३८ जीबीची शून्यं चघळत बसतो. हे आधीच तपासता येतं: /प्रॉक/२२४१/एफडीइन्फो/७ कॅट करा आणि फ्लॅग्जची ओळ बघा. आकडा ऑक्टलमध्ये (आठच्या पायावर) असतो. ०१०२००१ दिसलं तर त्यातला २००० हा अपेंडचा, म्हणजे निर्धास्त. ०१००००१ असेल तर अपेंड नाही.

अपेंड नसण्याचं कारण नव्वद टक्के ठिकाणी एकच असतं: कोणीतरी नोहपने (लॉगआउटनंतरही प्रोग्रॅम चालू ठेवणारी कमांड) जावाचं जार, म्हणजे प्रोग्रॅम, सुरू केलंय आणि आउटपुट एकेरी बाणाने फाइलकडे वळवलंय. दुहेरी बाण लावला असता तर अपेंड मिळालं असतं. माझं मत विचाराल तर नोहप मुळातच काढा. सिस्टमडीचं (सर्व्हिस सांभाळणारी सिस्टम) युनिट लिहा आणि आउटपुट जर्नलकडे, म्हणजे तिच्याच लॉगकडे, जाऊ द्या. दहा ओळींचं काम आहे, आणि त्या फाइलचा प्रश्नच उरत नाही.

पण नाव काढलं कोणी?

कोणी हाताने आरएम केलं असेल तर ते एकदा झालं. दर काही आठवड्यांनी होतंय तर संशयित लॉगरोटेट. त्याची रीत अशी: सर्व्हिस.लॉगचं नाव बदलून सर्व्हिस.लॉग.१ करायचं, नवी रिकामी फाइल तयार करायची, जुनी कॉम्प्रेस करायची, आणि ठरलेल्या संख्येपेक्षा जुनी झालेली काढून टाकायची. नाव बदललं तरी आयनोड तोच, म्हणून प्रोसेस इमानेइतबारे जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहते. जीझिपने .जीझेड बनवून मूळ फाइल काढली की तिथून अदृश्य वाढ सुरू.

म्हणून रोटेशननंतर प्रोसेसला सांगावं लागतं की फाइल बंद करून नव्याने उघड. एनजिनएक्सला (वेब सर्व्हर) यूएसआर१ सिग्नल, आरसिसलॉगला (सिस्टमचे लॉग लिहिणारा) हप सिग्नल. हे पोस्टरोटेट या भागात लिहिलेलं असतं, आणि डिस्ट्रोच्या पॅकेजमधून आलेल्या सर्व्हिससाठी ते तयारच मिळतं. मग बिघडतं कुठे? एनजिनएक्सच्या स्वतःच्या पॅकेजमधली पोस्टरोटेट आधी बघते की /व्हार/रन/एनजिनएक्स.पीआयडी ही फाइल (तिच्यात प्रोसेस क्रमांक असतो) आहे का. असेल तरच सिग्नल. तुम्ही एनजिनएक्स सोर्सवरून कंपाइल करून /यूएसआर/लोकलखाली टाकलं असेल, पीआयडी फाइल तिकडे असेल आणि लॉगरोटेटची फाइल मात्र कुठूनतरी कॉपी केलेली असेल, तर ती अट कधीच खरी होत नाही. एरर नाही, ईमेल नाही, काही नाही. एनजिनएक्स महिनोन्महिने उडवलेल्या फाइलमध्ये लिहितो, आणि ताजी ॲक्सेस.लॉग शून्य बाइटची दिसते. ती शून्य बाइटची फाइल हीच खूण. साइटवर रहदारी आहे आणि लॉग रिकामा, असं दिसलं की दुसरं काही तपासण्याआधी एलएसओएफ.

सिग्नल न समजणाऱ्या ॲप्लिकेशनसाठी कॉपीट्रंकेट हा पर्याय असतो. तो फाइलची नक्कल करतो आणि मूळ फाइल शून्यावर आणतो. नक्कल आणि ट्रंकेट यांच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी हरवतात, हे मॅन्युअलमध्येच लिहिलंय. हिशेबाच्या किंवा ऑडिटच्या लॉगला तो लावू नका. शिवाय नक्कल करायला तेवढीच जागा आधी मोकळी लागते. ३० जीबीचा लॉग आणि २० जीबी शिल्लक, म्हणजे कॉपीट्रंकेटच डिस्क भरून टाकणार. आणि अपेंड नसेल तर वरचं भोकांचं प्रकरण आहेच.

लॉगरोटेट चालतंच नसेल तर? -डी लावून लॉगरोटेट /ईटीसी/लॉगरोटेट.कॉन्फ चालवा. यात प्रत्यक्ष काही होत नाही, फक्त काय करणार होतो ते सांगितलं जातं. तीन तक्रारी सारख्या भेटतात. एक, लॉगच्या डिरेक्टरीचे परमिशन सैल आहेत म्हणून त्याने ती फाइल वगळली. ॲपच्या ग्रुपला लिहायची परवानगी दिलेली असते म्हणून हे होतं, आणि उपाय म्हणजे कॉन्फिगमध्ये एसयू ही ओळ, युजर आणि ग्रुपसह. दोन, एकच लॉग दोन कॉन्फिग फाइलींत आलाय. तीन, कोणीतरी *.लॉग ऐवजी नुसता तारा लिहिलाय, त्यामुळे रोटेट झालेल्या फाइली पुन्हा रोटेट होतात आणि डिरेक्टरीत .१.१.१.जीझेड अशा शेपट्यांची जत्रा भरते.

साइजबद्दलही एक गैरसमज पक्का बसलाय. ‘साइज १००एम’ लिहिलं म्हणजे फाइल १०० एमबीच्या वर जाणार नाही असं नाही. लॉगरोटेट हे काही सतत जागं असणारं नाही. ते दिवसातून एकदा उठतं, तेव्हा आकार बघतं. कोणी डीबग लेव्हल चालू ठेवून घरी गेलं आणि तासाला ३ जीबी पडायला लागले, तर पुढच्या खेपेपर्यंत ७२ जीबी होतात. अशा लॉगसाठी टायमर तासावर आणावा लागतो. ते किती वाजता उठतं तेही बघून ठेवा. डेबियनच्या जुन्या पद्धतीत /ईटीसी/क्रॉनटॅबमधली रोजची कामं ६:२५ ला सुटतात. क्लाउडवरचं मशीन यूटीसीवर असेल तर ती आपल्याकडची ११:५५, ऐन गर्दीची वेळ, आणि नेमकं तेव्हा जीझिप सीपीयू खात बसतं. सिस्टमडीच्या टायमरवर रोजचं काम मध्यरात्रीला धरलेलं असतं, यूटीसीत म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, ते बरं.

माउंटखाली दडलेलं

एलएसओएफमध्ये काहीच सापडलं नाही आणि फरक तरीही आहे, तर बॅकअपकडे बघा. रात्रीची स्क्रिप्ट /बॅकअपमध्ये लिहिते, आणि /बॅकअपवर एनएफएस माउंट केलेलं (जोडलेलं) असतं. एखाद्या रीबूटनंतर माउंट झालं नाही. स्क्रिप्टला काय, डिरेक्टरी आहे ना, लिहिलं रूट डिस्कवर. सकाळी कोणीतरी माउंट परत लावलं, आणि रात्रीचा डंप त्या माउंटखाली झाकला गेला. आता तो एलएसला दिसत नाही, डीयूलाही नाही, पण ब्लॉक त्याचेच आहेत.

बघायला माउंट काढायची गरज नाही. रिकाम्या डिरेक्टरीवर रूट पुन्हा बाइंड करा: माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ. या नव्या वाटेवर वरची माउंटं येत नाहीत, त्यामुळे /एमएनटी/मूळ/बॅकअपमध्ये जे खाली दडलंय ते उघडं पडतं. तपासून काढा आणि यूमाउंट करा.

पुन्हा होऊ नये म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप, आणि ते फसलं तर बाहेर. त्याच्याही पुढे जायचं असेल तर माउंट काढलेलं असताना रिकाम्या /बॅकअपला चॅटर +आय लावून ठेवा. मग माउंट नसेल तर तिथे रूटलाही लिहिता येत नाही. माउंट आलं की सगळं नेहमीसारखं. मला हा दुसरा उपाय जास्त आवडतो, कारण स्क्रिप्टा बदलत राहतात, त्या लिहिणारी माणसंही.

जागा आहे, तरी जागा नाही

डीएफ -एच ६० टक्के दाखवतंय आणि एरर तीच. आता डीएफ -आय. ईएक्सटी४ (लिनक्सचं एक फाइलसिस्टम) वर आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, सर्वसाधारण सेटिंगला दर १६ केबीमागे एक. १०० जीबीच्या पार्टिशनवर साधारण ६५ लाख. फाइली सरासरी १६ केबीपेक्षा लहान असतील तर ब्लॉक संपण्याआधी आयनोड संपतात, आणि पार्टिशन तेवढंच ठेवून ही संख्या नंतर वाढवता येत नाही. पार्टिशन मोठं करा नाहीतर नव्याने फॉरमॅट करा. एक्सएफएस हे दुसरं फाइलसिस्टम आयनोड गरजेप्रमाणे तयार करतं, म्हणून छोट्या फाइलींच्या कामाला मी तेच निवडतो.

लाखांनी छोट्या फाइली सहसा दोन ठिकाणी साठतात. पहिलं पीएचपीचे सेशन. डेबियन आणि उबुंटूवर पीएचपीची स्वतःची सफाई बंद ठेवलेली असते आणि ते काम सिस्टमचा टायमर करतो, पण तो कॉन्फिगमध्ये नोंदलेलं ठिकाणच साफ करतो. ॲप्लिकेशनने आपल्याच कोडमधून सेशनचा पाथ दुसरीकडे नेला असेल तर तिकडे झाडू मारणारं कोणीच नसतं. दुसरं म्हणजे मेलची रांग: क्रॉनच्या प्रत्येक जॉबचं आउटपुट रूटला मेलने जातं, पोस्टफिक्स (मेल सर्व्हर) बंद असतं, आणि मेलड्रॉप डिरेक्टरीत दर मिनिटाला एकेक फाइल पडत राहते.

शोधायला डीयू --आयनोड्स -एक्स, बाकी सगळं नेहमीसारखं. काढताना आरएम आणि तारा चालणार नाही, ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ म्हणून परत येईल. फाइंडला टाइप एफ, एमटाइम +७ आणि शेवटी -डिलीट द्या. -डिलीट शेवटीच, आधी आलं तर अटी बघायच्या आतच सगळं जातं. आणि त्या डिरेक्टरीत नुसतं एलएस मारू नका, ते आधी सगळी नावं गोळा करून क्रम लावत बसतं. एलएस -एफ, छोटा एफ, क्रम न लावता लगेच दाखवायला लागतं.

ब्लॉकही आहेत, आयनोडही आहेत, तरी ‘नो स्पेस’? सिस्टमसीटीएल (सिस्टमडीची कमांड) किंवा फाइलींवर नजर ठेवणारं एखादं टूल ही तक्रार करत असेल तर तिचा डिस्कशी संबंधच नाही. आयनोटिफायच्या (फाइलींतले बदल कळवणारी कर्नलची सोय) वॉचची मर्यादा संपली की कर्नल हाच एरर देतं. सिससीटीएलमध्ये (कर्नलची सेटिंग्ज) एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_यूजर_वॉचेस वाढवा. जुन्या कर्नलवर ती ८१९२ असायची, ५.११ पासून मेमरी बघून ठरते. या एका एररपायी लोकांनी डिस्का वाढवून घेतल्याचं पाहिलंय.

रूटला लिहिता येतं पण ॲपला नाही, असं असेल तर राखीव ब्लॉक. ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूटसाठी बाजूला ठेवतं. रूट पार्टिशनवर ते हवंच, त्यामुळेच तर भरलेल्या मशीनवर तुम्ही काम करू शकता. पण नुसत्या डेटाच्या ४ टीबी डिस्कवर २०० जीबी अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. ट्यून२एफएस -एम १ करा, चालू डिस्कवर होतं.

दोन्ही आकडे जुळले तर

मग डीयू दाखवेल तोच खरा गुन्हेगार. जर्नलडी (सिस्टमडीचं जर्नल लिहिणारं) स्वतःला आवरून असतं, फाइलसिस्टमच्या दहा टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबी. लहान डिस्क असेल तर जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज वापरा. आणि /बूट भरलं असेल तर जुनी कर्नल, ॲप्ट ऑटोरिमूव्ह.

डॉकर (ॲप्लिकेशन कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारं टूल) मात्र आवरून नसतं. त्याचा नेहमीचा जेसन-फाइल लॉग ड्रायव्हर आपण सांगितल्याशिवाय रोटेशन करत नाही. बडबडं कंटेनर वर्षभर चाललं तर /व्हार/लिब/डॉकर/कंटेनर्सखाली एकच फाइल दहा-वीस जीबीची सापडते. डेमन.जेसनमध्ये मॅक्स-साइज आणि मॅक्स-फाइल घाला, किंवा लोकल हा ड्रायव्हर वापरा, तो मुळातच रोटेट करतो. यात लोक फसतात ते असं: सेटिंग बदलून डॉकर रीस्टार्ट केलं, खूश झाले, आणि फाइल तशीच वाढत राहिली. ते सेटिंग नव्याने तयार होणाऱ्या कंटेनरलाच लागू होतं. जुनं कंटेनर काढून पुन्हा उभं केल्याशिवाय फरक पडत नाही.

डेटाबेसच्या डिरेक्टरीत आरएम कधीही नको, लॉग असं नाव दिसलं तरी नको. पोस्टग्रेसवाल्यांनी हा धडा इतक्या वेळा पाहिला की १० व्या आवृत्तीत पीजी_एक्सलॉगचं (डेटाबेसमधला प्रत्येक बदल आधी इथे नोंदला जातो) नाव बदलून पीजी_वॉल केलं. नावात लॉग बघून लोक ती डिरेक्टरी रिकामी करायचे आणि डेटाबेस उठेनासा व्हायचा. पीजी_वॉल फुगत असेल तर दोन कारणं आधी बघा. आर्काइव्ह कमांड (या नोंदींची नक्कल दुसरीकडे नेणारी) फसतेय का, आणि पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्समध्ये ॲक्टिव्ह ‘एफ’ (म्हणजे बंद) असलेला स्लॉट, रेप्लिकाने कुठवर वाचलं त्याची खूण, आहे का. रेप्लिका कधीच बंद केली, स्लॉट काढायचा राहिला, आणि प्रायमरी त्याच्यासाठी १६ एमबीचा एकेक तुकडा जपून ठेवतेय. स्लॉट ड्रॉप केला की पुढच्या चेकपॉइंटला जागा सुटते. १३ व्या आवृत्तीपासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइजने याला वरची मर्यादा घालता येते; मूळ सेटिंग अमर्याद आहे, म्हणून ते आजच बघा. मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग आपोआप चालू असतात आणि ३० दिवस राहतात. तिथे पर्ज बायनरी लॉग्ज ही कमांड आहे.

लिनक्सच्या बाहेर थोडं वेगळं. सोलारिसवर /टीएमपी मुळात स्वॅपवर असतं, तिथे मोठी फाइल टाकली तर मेमरी आटते. फ्रीबीएसडीच्या यूएफएसवर राखीव जागा ८ टक्के. आणि झेडएफएस हे फाइलसिस्टम कुठेही असो, स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) असेल तर फाइल काढून काहीच सुटत नाही. झेडएफएस लिस्ट -ओ स्पेस करून स्नॅपशॉटचा रकाना बघा.

पुन्हा फोन येऊ नये म्हणून

८० टक्क्यांचा अलर्ट सगळीकडे लावलेला असतो आणि सगळीकडे दुर्लक्षित असतो. २ टीबीच्या डिस्कवर तेव्हा ४०० जीबी शिल्लक असतात, २० जीबीच्या रूटवर ४. टक्क्यांपेक्षा वेग बघा. प्रोमिथियस (मॉनिटरिंगचं टूल) असेल तर प्रेडिक्ट_लिनियर हे फंक्शन गेल्या सहा तासांच्या चालीवरून पुढच्या २४ तासांत डिस्क संपेल का ते सांगतं. त्यावर अलर्ट लावला तर तो खोटा ठरायची शक्यता कमी. आयनोडसाठी वेगळा अलर्ट, तो जवळजवळ कोणीच लावत नाही. आणि एलएसओएफ +एल१ ची बेरीज क्रॉनने रोज नोंदवली तर अदृश्य वाढ आठवडाभर आधी दिसते. /व्हार/लॉग वेगळ्या पार्टिशनवर ठेवा. लॉग भरले तरी डेटाबेस लिहीत राहतो.

एक जुनी युक्ती अजूनही कामाची: एफअलोकेट -एल २जी करून त्या डिस्कवर एक बिनकामाची फाइल ठेवून द्या, नाव असं की कोणीही ओळखेल. आणीबाणीत ती काढली की श्वास घ्यायला २ जीबी मिळतात, आणि पुरावा असलेल्या लॉगला हात लावावा लागत नाही. काम झालं की ती परत तयार करायची, हे रनबुकमध्ये (ड्यूटीवरच्या सूचनांच्या वहीत) लिहून ठेवा.

दुरुस्ती खरंच लागू पडली का हे बघायला पुढच्या महिन्याची वाट कशाला? लॉगरोटेट -एफ करून त्याच एका कॉन्फिगवर जबरदस्तीने दोनदा रोटेशन करा. मग एलएस -आय करून नव्या लॉगचा आयनोड बघा, आणि प्रोसेसच्या एफडी डिरेक्टरीतल्या त्याच लॉगच्या नोंदीवर स्टॅट -एल, मोठा एल, चालवून तिचा आयनोड बघा. दोन्ही आकडे एकच आले, साइटवर एक क्लिक केल्यावर फाइल वाढली आणि एलएसओएफ +एल१ मध्ये ती प्रोसेस दिसली नाही, की मग तिकीट बंद करा.